लाइप्झिगची सेंट थॉमस शाळा

नाताळ जवळ आला कीं, गाण्याच्या तालमींमुळें मुलांच्या अभ्यासाचें नुकसान होतें असें गाऱ्हाणें पुष्कळ पालक करितात. आणि परीक्षेच्या भीतीनें गायनवर्ग ओस पडला तर रविवारच्या उपासनेंत गाणार कोण, असा उलट प्रश्न पाळकसाहेब विचारितात. हा वाद आपल्याच शाळांत उपजला असें मानण्याचें कारण नाहीं. जर्मनी देशांत लाइप्झिग शहरीं एक शाळा ८०० वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तिच्या इतिहासांत हाच वाद अनेकदां उठला. एकदां तर तो इतका विकोपास गेला कीं, फिर्याद राजापर्यंत न्यावी लागली. त्या वादांतील एक पक्षकार जगांतील अतिश्रेष्ठ संगीतरचनाकारांपैकीं होता, व दुसरा आपल्या काळचा नामांकित पंडित होता. त्या शाळेची हकीकत विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या वडील माणसांनीं एकत्र बसून वाचावी अशी असल्यामुळें ती येथें देत आहें.

लाइप्झिग हें सॅक्सनी प्रांतांतील व्यापाराचें शहर. दोन जुने राजमार्ग तेथें एकमेकांस छेदून जात असल्यानें तेथील जत्रेस सर्व युरोपांतून व्यापारी येत. १२१२ सालीं त्या प्रांताचा अधिपति डीट्रिख यानें तेथें संत थोमाच्या नांवानें ऑगस्टिनियन पंथाचा मठ स्थापन केला, व त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत सम्राट चौथा ऑटो यानें त्यास मान्यता दिली. मठांत प्रार्थना नुसत्या म्हणण्याची नव्हे, तर गाण्याची रीत होती. आणि तीहि दिवसांतून अनेक वेळां. त्यासाठीं मुलांचे कोवळे, उंच आवाज हवे होते. परंतु मुलांनीं लॅटिन गीतें गावयाचीं तर त्यांस लॅटिन वाचतां आलें पाहिजे. वाचावयाचें तर व्याकरण आलें पाहिजे. आणि हें सर्व शिकवावयाचें तर गुरुजी व वर्ग पाहिजेत. म्हणजे या शाळेंत आधीं गाणें आलें, आणि त्याचें बोट धरून व्याकरण आलें. पुढील वाद समजण्यासाठीं एवढें ध्यानांत ठेवावें.

या मठाच्या भोजनगृहांत १४०९ सालीं डिसेंबरच्या २ तारखेस लाइप्झिगच्या विद्यापीठाचें उद्घाटन झालें. त्यानंतर ११० वर्षांनीं शाळेच्या गायनगुरूवर एक मोठा प्रसंग आला. १५१९ च्या जून महिन्यांत मार्टिन ल्यूथर व रोमन पक्षाचे डॉक्टर एक् यांच्यामध्यें धर्मविषयक वादविवाद लाइप्झिग येथें व्हावयाचा होता. त्याच्या आरंभींच्या उपासनेंत गेओर्ग राउ या गायनगुरूनें बारा स्वतंत्र आवाजांत रचलेली मिस्सा म्हणवून घेतली. पुढें हा राउ ल्यूथरच्या पक्षास मिळाला व व्हिटेनबर्ग येथें जाऊन मुद्रक झाला. नव्या मंडळ्यांस व शाळांस लागणारीं गायनाचीं पुस्तकें त्याच्याच छापखान्यांतून निघालीं.

१५३९ सालीं पेंटेकॉस्टच्या सणास ल्यूथरनें सेंट थॉमस चर्चमध्यें उपदेश केला, आणि लाइप्झिगनें सुधारणेचा मार्ग स्वीकारला. १५४३ सालीं मठ मोडला व त्याची मालमत्ता नगरसभेकडे आली. मठ मोडला म्हणजे मठाची शाळाहि मोडावयाची, असें दुसऱ्या पुष्कळ ठिकाणीं झालें. लाइप्झिगच्या नगरसभेनें मात्र शाळा आपल्या अंगावर घेतली आणि १५५३ सालीं चर्चच्या शेजारींच तिच्यासाठीं नवी इमारत उभी केली. यास एक कारण खुद्द ल्यूथर होता. ज्या शिक्षकास गातां येत नाहीं त्याच्याकडे आपण ढुंकूनहि पाहणार नाहीं, असें तो म्हणे. लहानपणीं त्यानें स्वतः आयझेनाख गांवीं दारोदार गाऊन भाकरी मिळविली होती.

दारोदार गाणें ही गोष्ट आमच्या महाराष्ट्रांतील वाचकांस सहज समजेल. पुण्यास विद्या करण्यास आलेले गरीब विद्यार्थी माधुकरी मागून कसे शिकले, हें आपण वडील माणसांच्या तोंडून व आत्मचरित्रांतून जाणतों. जर्मनींतील लॅटिन शाळांची चाल तशीच होती. भेद एवढाच कीं, तेथील मुलें झोळीबरोबर चार आवाजांचें गीत घेऊन दारीं उभीं राहत. सेंट थॉमस शाळेच्या वसतिगृहांत पन्नास-पंचावन्न मुलें असत. त्यांस राहणें, जेवण व विद्या मिळे. मोबदला ते आपल्या गळ्यानें देत. रविवारीं व सणावारीं चर्चमध्यें, लग्नांत, प्रेतयात्रेपुढें व ठराविक ऋतूंत रस्त्यांवरून त्यांचें गायन चाले. जमलेल्या पैशाची वांटणी ठरलेली असे, आणि तींत मुलांबरोबर मुख्याध्यापक व गायनगुरु यांचाहि भाग असे. गुरूनें शिष्याच्या भिक्षेंत वांटा घ्यावा हें आज आपणांस ओंगळ वाटतें, व तें वाटलेंच पाहिजे. पण त्या काळीं पगार तोकडे असून हें उत्पन्न पगाराचाच भाग समजलें जाई. थंडीवाऱ्यांत उघड्यावर गाऊन मुलांचे आवाज बसत, ही तक्रार मात्र त्या काळींहि होत असे.

चांगला आवाज ही गरीब मुलाची शिष्यवृत्ति होती, हें योहान सेबास्टियन बाख याच्याच बाळपणावरून दिसतें. तो १६८५ सालीं आयझेनाख येथें जन्मला. दहा वर्षांचा होण्यापूर्वी आई गेली, दहाव्या वर्षीं बापहि गेला, आणि वडील भावानें त्यास आपल्या घरीं नेऊन वाढविलें. पंधराव्या वर्षीं तो जवळजवळ ३०० किलोमीटर दूर असलेल्या ल्यूनेबुर्ग शहरीं गेला, कारण तेथील सेंट मायकेल शाळेंत गरीब पण सुरेल मुलांस फुकट ठेवून घेत. थोड्याच दिवसांत त्याचा आवाज फुटला. परंतु तोंवर इतर वाद्यांवरील त्याचा हात लोकांच्या नजरेंत भरला होता. त्यास विद्यापीठाचें शिक्षण मिळालें नाहीं. ही गोष्ट पुढें लाइप्झिगमध्यें त्यास नडली.

सेंट थॉमस शाळेच्या गायनगुरूस कांटोर म्हणत. मुख्याध्यापक व दुय्यम अध्यापक यांच्या खालोखाल त्याचा मान असे. वर्गांत लॅटिन शिकविणें, मुलांस गायन-वादन शिकविणें व शहरांतील मुख्य चर्चांतील संगीत चालविणें, अशीं तीन ओझीं एकाच्याच खांद्यावर. तरीहि हें पद नुसत्या गवयाचें नव्हतें. १५९४ ते १६१५ पर्यंत या पदावर असलेला सेथुस काल्विसियुस हा ज्योतिषगणितांत व कालगणनेंत इतका निष्णात होता कीं, केप्लरसारखा ज्योतिषी त्याच्याशीं पत्रव्यवहार करी. बाखच्या अगदीं आधींचा योहान कूनाउ हा वकील होता, त्यास ग्रीक व हिब्रू भाषा येत, आणि त्यानें १७०० सालीं ढोंगी गवयाची टवाळी करणारी एक कादंबरी प्रसिद्ध केली. विद्या व गायन एका देहांत नांदत नाहींत असें म्हणणाऱ्यांनीं या दोघांचीं चरित्रें पाहावीं.

कूनाउ १७२२ सालीं वारला. त्याच्या जागीं नगरसभेनें प्रथम टेलेमान यास पसंत केलें. परंतु हाम्बुर्गच्या लोकांनीं त्याचा पगार वाढविला व तो तेथेंच राहिला. नंतर ग्राउप्नर याची निवड झाली. हा या शाळेचाच जुना विद्यार्थी. पण डार्मस्टाटच्या राजानें त्यास सोडलें नाहीं. तेव्हां एका सभासदानें, उत्तम माणूस मिळत नसेल तर मध्यमावर भागवावें लागेल, असे उद्गार काढले. मध्यम म्हणून उरलेला उमेदवार बाख होता! विद्वानांच्या सभेची नोंदवही पुढील पिढ्यांस कधीं कधीं मोठी करमणूक देते.

५ मे १७२३ रोजीं बाख यानें करारावर सही केली. चर्चमधील संगीत फार लांबवावयाचें नाहीं, तें नाटकी थाटाचें होऊं द्यावयाचें नाहीं, मुलांस वाद्येंहि शिकवावयाचीं म्हणजे निराळे वादक ठेवण्याचा खर्च वांचेल, शक्य तितक्या वेळां प्रेतयात्रेंत मुलांबरोबर चालावयाचें, आणि नगराध्यक्षांच्या परवानगीशिवाय गांव सोडावयाचें नाहीं, अशा त्यांत अटी होत्या. बाख या आधीं क्योथेन येथें एका राजाच्या दरबारीं संगीतप्रमुख होता. तेथून शाळामास्तर होणें त्यास प्रथम कमीपणाचें वाटलें, असें त्यानेंच पुढें एका मित्रास लिहिलें. तरी तो आला, आणि येण्याचें एक कारण कोणत्याहि पालकास पटेल असें आहे: त्याचे मुलगे वाढत होते व त्यांस चांगली शाळा हवी होती. विल्हेल्म फ्रीडमान व कार्ल फिलिप इमॅन्युएल हे त्याचे दोन पुत्र त्याच वर्षीं सेंट थॉमस शाळेंत दाखल झाले. लॅटिन शिकविण्याचें काम मात्र त्यास आवडेना. त्यानें एका सहशिक्षकास पदरचे पैसे देऊन तें काम त्याच्याकडे सोंपविलें.

पहिल्या वर्षांत त्यानें व मुलांनीं उरकलेलें काम पाहिलें म्हणजे आजच्या तालमींविषयीं तक्रार करण्यास जीभ वळत नाहीं. बहुतेक प्रत्येक रविवारीं व सणाच्या दिवशीं एक कांटाटा, म्हणजे त्या दिवसाच्या शास्त्रपाठावर रचलेली वीस-तीस मिनिटांची वाद्यांसह गीतमाला, मुख्य चर्चांत व्हावयाची. ती बहुधा नवी असे. बाखनें ती लिहावयाची, मग गाणाऱ्या व वाजविणाऱ्या प्रत्येकासाठीं निराळी प्रत हातानें उतरवावयाची, शनिवारीं तालीम, रविवारीं सकाळीं सात वाजतां उपासनेस आरंभ. प्रती उतरविण्याचें काम घरचीं माणसें व विद्यार्थी करीत. कूनाउचा एक पुतण्या शाळेंत होता. त्याच्या हातच्या असंख्य प्रती आजहि पाहावयास मिळतात. विद्यार्थिमित्रहो, शाई वाळण्यापूर्वीं दुसरें पान पुढें ओढणारा तो मुलगा डोळ्यांपुढें आणा. आपण उतरवीत आहों तें संगीत तीन शतकांनंतर सर्व जग ऐकेल, हें त्यास कोठून ठाऊक असणार? ७ एप्रिल १७२४ रोजीं, उत्तम शुक्रवारीं, योहानाच्या शुभवर्तमानावरील ख्रिस्ताच्या दुःखसहनाचें गायन प्रथम झालें. मत्तयाच्या शुभवर्तमानावरील त्याहून मोठें गायन ११ एप्रिल १७२७ रोजीं झालें असें आतां मानितात. दोन्ही प्रसंगीं उंच स्वर गाणारीं तीं याच शाळेचीं मुलें.

पण मुलें सगळींच सारखीं नव्हतीं. २३ ऑगस्ट १७३० रोजीं बाखनें नगरसभेस एक लेखी निवेदन दिलें. वसतिगृहांतील ५४ मुलांची त्यानें सरळ वर्गवारी केली: १७ कामाचीं, २० अद्याप कामास न येणारीं, आणि १७ अगदीं निरुपयोगी. एवढ्यांतून शहरांतील चार चर्चांस गायक पुरवावयाचे! प्रत्येक गायनमंडळांत निदान १२ गायक असावे, १६ असल्यास फारच उत्तम, म्हणजे एखादा आजारी पडला तरी अडत नाहीं, असें त्याचें म्हणणें. शाळेंत प्रवेश देतांना गळा पाहत नाहींत व वादकांस पुरेसा पैसा देत नाहींत, ही त्याची तक्रार. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत एर्डमान या जुन्या मित्रास लिहिलेल्या पत्रांत त्यानें आपली मिळकत सुमारें ७०० थालर असल्याचें सांगितलें आहे. आणि गांवांत हवा निरोगी राहिली म्हणजे प्रेतयात्रा कमी होऊन उत्पन्न बुडतें, गेल्या वर्षीं असे १०० हून अधिक थालर बुडाले, अशी खंत केली आहे. थोर पुरुषाच्या तोंडीं हें वाक्य विचित्र वाटेल. परंतु ज्याच्या घरीं खाणारीं तोंडें पुष्कळ आणि पगार लोकांच्या मरणावर अवलंबून, त्याच्या घरचा हिशोब असाच व्हावयाचा.

निवेदनानें मोठा फरक पडला नाहीं. पण त्याच वर्षीं योहान माथियास गेस्नर हा मुख्याध्यापक म्हणून आला, आणि चार वर्षे बरीं गेलीं. गेस्नर हा ग्रीक-लॅटिनचा श्रेष्ठ अभ्यासक. त्यानें शाळेची पडकी, कोंदट इमारत मजले चढवून नवी करविली. १७३२ च्या जूनमध्यें तिचें उद्घाटन झालें. गायन हें ईश्वराच्या स्तुतीचें साधन आहे असें तो मुलांस सांगे. पुढें दुसऱ्या गांवीं गेल्यावर त्यानें प्राचीन रोमन वक्तृत्वाचार्य क्विंटिलियन याचा ग्रंथ १७३८ सालीं संपादिला. एकाच वेळीं गाणें व वाद्य वाजविणें याची मूळ ग्रंथकारानें वाखाणणी केली आहे, तेथें गेस्नरनें एक टीप जोडली. हातांपायांनीं ऑर्गन वाजविणारा, तीस-चाळीस वादकांमधून एकास मानेनें, दुसऱ्यास पायाच्या ठेक्यानें, तिसऱ्यास बोटानें सांवरणारा, सर्वांत अवघड भाग स्वतःकडे असूनहि कोठें चुकलें तें तत्काळ ओळखणारा बाख पाहिला असता, तर ग्रंथकर्त्यानें ती वाखाणणी मागें घेतली असती, असा तिचा आशय आहे. लॅटिन ग्रंथाच्या टिपेंत आपल्या सहकाऱ्याची अशी स्तुति करणारे मुख्याध्यापक विरळा.

१७३४ सालीं गेस्नर गेला व योहान आउगुस्ट एर्नेस्टी हा २७ वर्षांचा तरुण पंडित मुख्याध्यापक झाला. आरंभीं दोघांचें सख्य होतें. १७३५ सालीं बाखच्या धाकट्या मुलाच्या बाप्तिस्म्यास एर्नेस्टी धर्मपिता म्हणून उभा राहिला. पण वर्षाच्या आंत ठिणगी पडली. शाळेच्या गायनांतील मुख्य नायक विद्यार्थ्यानें एका लग्नाच्या वेळीं दांडगाई करणाऱ्या लहान मुलांस फार मारलें. एर्नेस्टीनें त्यास सर्वांसमक्ष फटक्यांची शिक्षा फर्मावली. तो अपमान टाळण्यासाठीं मुलगा शाळा सोडून पळाला. त्याच्या जागीं मुख्याध्यापकानें आपल्या पसंतीचा नायक नेमला. तो गायन चालविण्यास नालायक आहे, आणि नायक निवडण्याचा हक्क कांटोराचा आहे, असें बाखचें म्हणणें. ऑगस्ट १७३६ मध्यें बाखनें त्या मुलास भर उपासनेंत गायकांच्या सज्जांतून हांकून दिलें. इकडे मुख्याध्यापकानें सक्त ताकीद दिली कीं, दुसऱ्या कोणाच्या हाताखालीं मुलांनीं गावयाचें नाहीं. बिचारीं मुलें! एका गुरूची आज्ञा पाळावी तर दुसऱ्याचा दंडुका. नगरसभा, धर्मसभा आणि शेवटीं सॅक्सनीचा अधिपति व पोलंडचा राजा फ्रीड्रिख आउगुस्ट, इतक्या ठिकाणीं अर्ज गेले. सुमारें दोन वर्षांनीं हें प्रकरण थंडावलें.

यांत एर्नेस्टीस सरसहा खलपुरुष ठरविण्याची रीत आहे; ती मला न्यायाची वाटत नाहीं. एखादा विद्यार्थी व्हायोलिनचा सराव करतांना दिसला कीं, पिठ्यांत सारंगी वाजवून पोट भरणार काय, असें तो विचारी, अशी आठवण पुढें नोंदली गेली आहे. हें बोलणें कडू खरें. पण त्याच्या काळीं दिवस पालटले होते. इतिहास, गणित, प्राचीन ग्रंथांचें चिकित्सक वाचन यांस वेळ हवा होता. विद्यापीठांत जाणाऱ्या मुलाची पूर्वतयारी नीट व्हावी ही त्याची इच्छा सरळ होती. आठवड्यांतून कित्येक प्रहर लग्नामरणांत गाणाऱ्या मुलानें अभ्यास करावा केव्हां? दुसऱ्या बाजूनें, गाण्यासाठींच ठेवलेल्या दानांतून जीं मुलें जेवत होतीं त्यांस गाणें नीट शिकवूं नये, हेंहि कोठला न्याय? गेस्नर हाहि एर्नेस्टीइतकाच विद्वान होता, आणि त्याच्या वेळीं तीच शाळा, तींच मुलें व तोच कांटोर असतां भांडण झालें नाहीं. माझ्या मतें भेद विषयांत नव्हता, माणसांत होता.

बाखचीं शेवटचीं वर्षे ओढगस्तीचीं गेलीं. तो जिवंत असतांनाच १७४९ च्या जून महिन्यांत नगरसभेनें त्याच्या जागेसाठीं हारर याची परीक्षा घेऊन ठेवली! २८ जुलै १७५० रोजीं बाख वारला. त्याची विधवा आन्ना माग्दालेना हिनें पतीच्या कित्येक कांटाटांच्या गायनप्रती शाळेच्या स्वाधीन केल्या, आणि पुढें १७६० सालीं ती अनाथवृत्तीवर जगत असतांना मरण पावली. पण तिनें दिलेल्या प्रतींपैकीं ४४ संच आजपर्यंत राहिले आहेत. मोठ्या मुलाच्या वांट्यास आलेले कागद विकले गेले, व त्यांतील पुष्कळ नाहींसे झाले. शाळेच्या कपाटांत पडलेले मात्र वांचले.

येथें एक आडवी गोष्ट सांगण्याचा मोह होतो. ज्या वर्षीं बाख मरण पावला त्याच वर्षीं, लाइप्झिगपासून सुमारें ३५ किलोमीटरवरील हाल्ले येथें शिकलेला क्रिस्टियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ हा मिशनरी हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागला. तंजावरचे मराठे राजे तुळजाजी यांनीं आपला दत्तक पुत्र सरफोजी याचा सांभाळ ज्यांच्यावर सोंपविला ते हेच श्वार्ट्झसाहेब. सरफोजीराजे पुढें ग्रंथसंग्रह व संगीत या दोहोंचे मोठे आश्रयदाते झाले. सेंट थॉमस शाळेशीं याचा सरळ संबंध नाहीं. तरी त्या मुलखांतील शाळांचें वळण आपल्या मराठी माणसांपर्यंत कोणत्या वाटेनें आलें, हें यावरून कळतें.

बाखचें नांव मागें पडत गेलें. परंतु त्याचीं मोटेटें, म्हणजे मुख्यतः कंठानेंच गावयाचीं शास्त्रवचनें, शाळेंतील मुलें पिढ्यान् पिढ्या गातच राहिलीं. १७८९ सालीं मोझार्ट लाइप्झिगास आला तेव्हां कांटोर डोलेस यानें मुलांकडून त्यांतील एक म्हणवून दाखविलें. कांहीं पदें ऐकतांच तो चमकून उठला. येथें अजून शिकण्यासारखें आहे, असें म्हणाला. सर्व आवाज एका पानावर मांडलेली प्रत शाळेंत नव्हती. तेव्हां त्यानें निरनिराळ्या आवाजांच्या सुट्या प्रती मागवून मांडीवर, हातांत व आसपासच्या खुर्च्यांवर पसरल्या, आणि सर्व वाचून होईपर्यंत जागचा हलला नाहीं. रॉख्लिट्झ या लेखकानें ही आठवण लिहून ठेवली. तो स्वतः या शाळेचा विद्यार्थी. डोलेसच्या मागून आलेला हिलर हा लाइप्झिगच्या प्रसिद्ध गेवांटहाउस वाद्यवृंदाचा पहिला चालक होता. नंतरच्या शिख्ट या कांटोरानें त्या पदावर येण्यापूर्वींच १८०२-०३ च्या सुमारास बाखचीं मोटेटें छापून प्रसिद्ध केलीं.

पुढची गोष्ट पुष्कळांस ठाऊक आहे. फेलिक्स मेंडेलसोन यानें १८२९ सालीं बर्लिन येथें मत्तयाच्या शुभवर्तमानावरील दुःखसहनगायन पुन्हां लोकांपुढें आणलें. नंतर तो लाइप्झिगास राहावयास आला, आणि १८४१ सालीं झावळ्यांच्या रविवारीं त्यानें तें सेंट थॉमस चर्चमध्यें, त्याच्या जन्मस्थानीं, गाववून घेतलें. शाळेसमोर बाखचें स्मारक व्हावें म्हणून त्यानें एकट्यानें ऑर्गनवादनाचा कार्यक्रम करून पैसा जमविला. तें स्मारक १८४३ सालीं उभें राहिलें. या मेंडेलसोनचा जन्म यहूदी कुळांतला. म्हणून नाझी अमलांत, १९३६ सालीं, लाइप्झिगमधील त्याचा पुतळा काढून टाकण्यांत आला. २००८ सालीं त्याची प्रतिकृति सेंट थॉमस चर्चजवळ पुन्हां बसविली आहे.

शाळा १८७७ सालीं जुनी जागा सोडून शहराच्या पश्चिम भागांत गेली. ज्या घरांत बाख २७ वर्षे राहिला, जेथें त्यानें तें सर्व लिहिलें, ती जुनी इमारत १९०२ सालीं पाडली. नव्या काळच्या शहाणपणाचा हा मासला पाहून हळहळ वाटते. कार्ल स्ट्राउबे हा कांटोर असतां १९३१ पासून दर रविवारीं बाखचे कांटाटा रेडिओवरून ऐकविले जाऊं लागले, आणि मुलांचे आवाज प्रथमच घरोघर पोंचले. मग महायुद्ध आलें. ४ डिसेंबर १९४३ रोजीं लाइप्झिगवर झालेल्या बॉम्बवर्षावांत शाळेची इमारत नष्ट झाली. गायक मुलांस ग्रिमा गांवीं हलविलें. युद्ध संपेपर्यंत गुंटर रामिन यानें त्यांचें गायन तेथें चालू ठेवलें.

युद्धानंतर लाइप्झिग साम्यवादी राजवटीखालीं गेलें. धर्माविषयीं उदासीन, किंबहुना विरोधी, अशा सरकारच्या अमलांत हीं मुलें शनिवार-रविवारीं चर्चमध्यें शास्त्रवचनें गात राहिलीं, आणि त्याच सरकारनें त्यांस परदेशीं आपलें भूषण म्हणून मिरविलें. अशा ठिकाणीं हात स्वच्छ ठेवणें सोपें नसतें. राजवट कोसळल्यावर गुप्त पोलिसांशीं असलेल्या संबंधांमुळें तेव्हांच्या कांटोरास १९९१ सालीं पद सोडावें लागलें. बाखच्या अस्थि १९५० पासून सेंट थॉमस चर्चमध्यें, गायक उभे राहतात त्याच्या समोर, ठेवलेल्या आहेत.

आज गायनमंडळांत नऊ ते अठरा वर्षांचे सुमारें १०० मुलगे आहेत. ते वसतिगृहांत एकत्र राहतात. त्या घरास ते थट्टेनें ‘पेटी’ म्हणतात. वडील मुलें धाकट्यांच्या अभ्यासावर व शिस्तीवर नजर ठेवितात, आणि जुन्या काळाप्रमाणें नायक विद्यार्थी आजहि असतात. आवाज फुटला म्हणजे मुलास घरीं पाठवीत नाहींत. आवाज स्थिरावेपर्यंत तो इतर कामें करितो व मग खालच्या स्वरांत पुन्हां उभा राहतो. शाळेंतील इतर विद्यार्थी गायनमंडळांत नसतात. त्यांस नेहमींचें शिक्षण मिळतें. शुक्रवारीं सायंकाळीं व शनिवारीं दुपारीं चर्चमध्यें मोटेटांचें गायन होतें, आणि तें ऐकण्यास देशोदेशींचे लोक येऊन बसतात.

२०१२ सालीं शाळेस, चर्चला व गायनमंडळास ८०० वर्षे पूर्ण झालीं. २०२१ सालीं आंद्रेआस राइझे यांची कांटोर म्हणून नेमणूक झाली. बाखनंतरचे ते अठरावे. ते स्वित्झर्लंडचे असून रोमन कॅथॉलिक आहेत. सुधारणेनंतर या पदावर आलेले पहिलेच. त्यांच्या निवडीच्या वेळीं मोठ्या वर्गांतील कांहीं गायक मुलांनीं जाहीर पत्र काढून आपली नापसंती कळविली होती. नगरसभेनें निवड कायम केली, व त्या सप्टेंबरपासून नव्या कांटोराच्या हाताखालीं शुक्रवारचें गायन सुरू झालें.